इंडेक्स उणे, तरी ट्यूबिंग बंद: तेलविहिरीतल्या क्षाराचा अंदाज कुठे चुकतो

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात शिकून, जवळच्याच साखर कारखान्याच्या लॅबमध्ये पाच हंगाम काढून, आता एका जमिनीवरच्या तेलक्षेत्रात पाण्याचं रसायन सांभाळणाऱ्या एका मित्राने दोन विहिरींचे आकडे दिले आहेत. पहिल्या विहिरीच्या पाण्याचा कॅल्शियम कार्बोनेटचा सॅच्युरेशन इंडेक्स (अधिक असला तर क्षार पाण्यातून खाली बसू शकतो, उणे असला तर नाही) अधिक ०.९ येतो, पण वर्षभरात क्षाराचा कणही सापडला नाही. दुसरीचा इंडेक्स उणे ०.२ येतो, आणि तिच्या चोकवर (विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवरणाऱ्या झडपेवर) करडा-पांढरा टणक थर आहे, ट्यूबिंगही (तेल-पाणी वर आणणारी नळीही) अरुंद झाली आहे. दोन्हीकडे खडकात बाहेरून पाणी सोडलेलं नाही. नमुने सेपरेटरवरून (तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीवरून) घेतले, लॅबमध्ये दोन दिवसांनी पोहोचले, हिशोब २५ अंशांवर केला. वरिष्ठ म्हणतात, दोन्हीत २० पीपीएम इन्हिबिटर (क्षार बसू न देणारं औषध) सोडा. इंडेक्सवर विश्वास ठेवायचा की नाही, असा या मित्राचा सवाल आहे. पुढचं उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

इंडेक्सचं सूत्र बरोबर आहे. गडबड अशी की तो ज्या पाण्याचा काढला, ते पाणी विहिरीत कधी नव्हतंच. बाटलीत दोन दिवस राहिलेलं, २५ अंशांचं, हवेच्या दाबाखालचं ते तिसरंच पाणी आहे. क्षार कुठे बसेल हे पाणी 'जड' आहे का यावर जितकं ठरतं, त्याहून जास्त ते पाणी वाटेत कुठे आणि किती बदलतं यावर ठरतं. त्यामुळे एका बाटलीचा एक इंडेक्स काढून भागत नाही. खडकातून पर्फोरेशनपर्यंत (विहिरीच्या भिंतीतल्या छिद्रांपर्यंत), तिथून ट्यूबिंग, वेलहेड (विहिरीचं तोंड), चोक, सेपरेटर अशा प्रत्येक टप्प्याच्या दाब-तापमानाला वेगळा इंडेक्स काढावा लागतो.

साखर कारखान्याचा अनुभव इथे थोडा उपयोगी आहे आणि थोडा फसवणारा. इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉड्यांमध्ये (रस आटवणाऱ्या भांड्यांमध्ये) फॉस्फेटचा थर जास्त आणि शेवटच्या बॉड्यांमध्ये सिलिका, सल्फेट, ऑक्झलेट जास्त, हे तुम्ही पाहिलं आहे. तोच रस, पण जागा बदलली की थर बदलतो. हे विहिरीलाही लागू आहे. फसवणूक अशी की इव्हॅपोरेटरमध्ये पाणी उडून जातं आणि उरलेलं सगळं घट्ट होतं. विहिरीत पाणी बहुतेक तसंच राहतं, उडून जातो तो कार्बन डायऑक्साइड. शिरोळकडच्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या रॉडवर जो पांढरा थर चढतो, त्याचं रसायन विहिरीच्या जास्त जवळचं आहे: बायकार्बोनेट मोडतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो, कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं.

आता दोन्ही आकड्यांकडे वळू. पहिल्या विहिरीचा अधिक ०.९ हा बहुधा पीएचचा खेळ आहे. इंडेक्सच्या सूत्रात पीएच सरळ बेरजेत येतो, म्हणजे पीएच १ ने वाढला की इंडेक्सही १ ने वाढतो. दाबाखालून बाहेर आलेलं पाणी बाटलीत ठेवलं की त्यातला वायू सुटतो आणि पीएच ६.४ वरून ७.६ वर सहज जातो. तेवढ्यानेच इंडेक्स १.२ ने फुगतो. खऱ्या पीएचने हिशोब केला तर तुमचा ०.९ कदाचित उणे ०.३ निघेल, आणि विहीर वर्षभर स्वच्छ का राहिली ते कळेल.

दुसऱ्या विहिरीचा उणे ०.२ दोन कारणांनी कमी दिसत असावा. एक, नमुना चोकच्या पुढे, सेपरेटरवर घेतला आहे. पाण्याने आपलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट आधीच ट्यूबिंगमध्ये आणि चोकवर टाकून दिलं आहे, बाटलीत आलं ते ओझं उतरवलेलं पाणी. दोन, कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. पीएच तोच धरून तापमान २५ वरून ९० अंशांवर नेलं तर इंडेक्स सुमारे १.१ ने वर जातो. तुमचा उणे ०.२ तळाच्या तापमानाला अधिक ०.९ होऊ शकतो. म्हणजे कागदावर दोन्ही विहिरी अगदी उलट दिसत होत्या.

म्हणून पीएचवर बेतलेला इंडेक्स मी शेवटचा पर्याय मानतो. पीएच मोजण्याऐवजी वायूतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आणि तिथला दाब घेऊन हिशोब करणं जास्त भरवशाचं. ओडो आणि टॉमसन या संशोधकांची पद्धत याच विचारावर उभी आहे: कॅल्शियम गुणिले बायकार्बोनेटचा वर्ग, भागिले कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा), त्याचा लॉग, आणि त्यावर तापमान, दाब व क्षारतेच्या दुरुस्त्या. बायकार्बोनेटचा वर्ग आहे हे लक्षात ठेवा. बायकार्बोनेट मोजताना दुपटीची चूक झाली तर इंडेक्स ०.६ ने हलतो, कॅल्शियममध्ये तीच चूक झाली तर फक्त ०.३ ने. पीएचवर बेतलेला लँगेलिअर इंडेक्स १९३६ सालचा, पिण्याच्या गोड्या पाण्यासाठी बांधलेला. समुद्राहून खारट पाण्याला तो लावू नये. क्षारता फार जास्त असेल तर पिट्झर समीकरणांवर चालणारं सॉफ्टवेअर घ्यावं.

या सूत्रातून एक गोष्ट निघते, ती नीट समजली तर निम्मं काम होतं. बबल पॉइंटच्या, म्हणजे ज्या दाबाखाली तेलातून वायू सुटू लागतो त्याच्या, खाली दाब २०० बारवरून २० बारवर आला आणि वायूतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण तेच राहिलं, तर आंशिक दाब दहापट कमी होतो आणि इंडेक्स जवळपास १ ने वाढतो. त्याच वाटेत पाणी १०० अंशांवरून ६० अंशांवर थंड झालं तर इंडेक्स ढोबळमानाने तेवढाच खाली येतो. दोन परिणाम एकमेकांना खातात. म्हणून संथ वाहणाऱ्या, वर येईपर्यंत थंड होणाऱ्या विहिरीत क्षार बसत नाही. पण त्याच विहिरीचा चोक उघडून उत्पादन वाढवलं की वेलहेड गरम राहतं, थंडीची भरपाई मिळत नाही आणि काही आठवड्यांत थर दिसू लागतो. पाणी तेच, प्रवाह बदलला. तुमच्या दुसऱ्या विहिरीचा प्रवाह गेल्या वर्षात कधी वाढवला होता का, ते आधी तपासा. विहिरीत विद्युत पंप उतरवला असेल तर मोटरची उष्णता आणि पंपाच्या तोंडाशी पडलेला दाब एकाच जागी येतात, तिथे थर सर्वांत आधी धरतो.

बबल पॉइंटच्या वर मात्र दाब कितीही पडला तरी वायू सुटत नाही, त्यामुळे इंडेक्स फार हलत नाही. दाब-खोलीच्या आलेखावर बबल पॉइंट कुठे येतो ती खोली आधी काढा. इन्हिबिटर त्या खोलीच्याही खालून जायला हवा.

नमुना कसा घ्यायचा हे इतकं तपशिलात सांगतोय, कारण चुका इथेच होतात. नमुन्याची ओळ आधी पुरेशी वाहू द्यावी, ओळीतलं साचलेलं पाणी बाटलीत येऊ नये. पीएच आणि तापमान जागेवरच, काही मिनिटांत. बायकार्बोनेटचं टायट्रेशनही शक्यतो जागेवर, निदान तासाभरात. तेलासोबतच्या पाण्यात अ‍ॅसिटिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं असतात आणि टायट्रेशनमध्ये त्यांचा वाटा बायकार्बोनेटच्या खात्यात जमा होतो. ती वेगळी मोजली नाहीत तर इंडेक्स उगाच मोठा येतो, आणि वर वर्ग असल्याने चूक आणखी फुगते. धातूंसाठी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून वेगळी बाटली भरायची आणि नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणायचा. सल्फेट, क्लोराइडची बाटली आम्लाशिवाय, काठोकाठ. बेरियम असण्याची शंका असेल तर गाळल्याबरोबर नमुना डिस्टिल्ड पाण्याने पातळ करून ठेवावा, कारण एकदा बसलेला बेरियम सल्फेट आम्लाने परत विरघळत नाही.

आकडे आल्यावर धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का पाहा. फरक ५ टक्क्यांहून जास्त असेल तर त्या विश्लेषणावर पैसे खर्च करू नयेत. शिवाय त्या विहिरीत गेल्या काही आठवड्यांत आम्ल किंवा कॅल्शियम क्लोराइडचं जास्त घनतेचं पाणी गेलं होतं का ते विचारा. गेलं असेल तर तुम्ही खडकातलं पाणी मोजत नाही, विहिरीच्या कामासाठी सोडलेलं, आत उरलेलं पाणी मोजताय.

एक तपासणी मी कधीच सोडत नाही. तेलाचा साठा चुनखडीच्या खडकात असेल, जसा मुंबई हायचा मुख्य साठा आहे, तर खडकात पाणी आणि कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) हजारो वर्षं शेजारी राहिले आहेत. साठ्याच्या दाब-तापमानाला हिशोब केला की इंडेक्स शून्याच्या जवळच यायला हवा. तो अधिक १ आला तर पाणी चमत्कारिक नाही, नमुना चुकला आहे. मग बायकार्बोनेट किंवा कार्बन डायऑक्साइडचा आकडा असा दुरुस्त करायचा की साठ्यात शून्य यावं, आणि तिथून वरच्या प्रत्येक टप्प्याचा हिशोब पुढे न्यायचा. वालुकाश्मातही सिमेंटसारखा कॅल्साइट बऱ्याचदा असतो, तिथेही ही युक्ती चालते.

इथवरचं एकत्र करून: जागेवर मोजलेले आकडे, वायूतला कार्बन डायऑक्साइड, साठ्यात शून्याची तपासणी, आणि मग टप्प्याटप्प्याने इंडेक्स. एवढं झाल्यावरही इंडेक्स फक्त 'बसू शकतं का' सांगतो. किती बसेल, हा वेगळा हिशोब आहे.

समजा दिवसाला १०० घनमीटर पाणी येतं आणि दर लिटरमागे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं. दिवसाला ५ किलो, महिन्याला १५० किलो. कॅल्साइटची घनता २.७१, म्हणजे सुमारे ५५ लिटर दगड. ६२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या ट्यूबिंगमध्ये मीटरला ३ लिटर मावतं. सगळं एका जागी धरलं तर महिन्यात १८ मीटर ट्यूबिंग ठासून भरेल. सगळं धरत नाही, बराचसा भाग कणांच्या रूपात वाहून जातो, पण धोक्याचा आकार कळतो. उलट इंडेक्स १ असूनही बाहेर पडणारं वस्तुमान लिटरला २ मिलिग्रॅम असेल तर त्या विहिरीवर नुसती नजर ठेवावी. कॅल्साइटचा इंडेक्स ०.३ च्या आत असेल तर मी सहसा औषध, म्हणजे इन्हिबिटर, सुरू करत नाही, ०.५ च्या वर आणि वस्तुमानही भरपूर असेल तर थांबत नाही. यामधल्या पट्ट्यात विहिरीचा इतिहास बघायचा.

तुमच्याकडे आज बाहेरून पाणी सोडत नाहीत, तरी बेरियमबद्दल थोडं सांगतो, कारण पुढे सोडतील. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असतो. खडकातल्या पाण्यात बेरियम ४० मिलिग्रॅम असेल तर तो सगळा पकडायला २८ मिलिग्रॅम सल्फेट लागतो, म्हणजे उत्पादनाच्या पाण्यात समुद्राचं पाणी १ टक्का आलं की काम झालं. मिश्रणाचा तक्ता दहा-दहा टक्क्यांनी केला तर हा टप्पा डोळ्याआड जातो. ० ते ५ टक्क्यांमध्ये एकेका टक्क्याने करा. शुद्ध पाण्यात २५ अंशांवर बेरियम सल्फेट लिटरला दोन-अडीच मिलिग्रॅमच विरघळतो, आणि थंडीत त्याहून कमी, त्यामुळे त्याचा इंडेक्स वर येताना वाढतो. त्याच्यासोबत रेडियम बसू शकतो, म्हणून असा थर काढताना किरणोत्सर्ग मोजणारं मीटर जवळ हवं.

आता इन्हिबिटर. '२० पीपीएम सोडा' या वाक्यात तीन गोष्टी अध्याहृत आहेत: कशाचे पीपीएम, कशावर, आणि कुठे. ड्रममधल्या उत्पादनाचे की त्यातल्या सक्रिय रसायनाचे? उत्पादनात सक्रिय भाग २५ टक्के असेल तर दोन्हींत चौपट फरक आहे. मोजमाप पाण्यावर करायचं, एकूण द्रवावर नाही. १०० घनमीटर पाण्याला १० पीपीएम म्हणजे दिवसाला १ किलो. आणि जागा अशी हवी की थर सुरू होण्याच्या आधी औषध पाण्यात मिसळलेलं असेल. ट्यूबिंगमध्ये थर आणि औषध वेलहेडवर, ही व्यवस्था चोकपुढच्या पाइपाला वाचवते, विहिरीला नाही.

इन्हिबिटर कॅल्शियमला बांधून ठेवत नाही, तसं असतं तर शेकडो पीपीएम लागले असते. तो नव्या स्फटिकाच्या वाढीच्या जागांवर चिकटतो आणि वाढ रोखतो, म्हणून थोड्यात भागतं. पण त्यामुळे त्याची किमान मात्रा असते: तिच्या वर संरक्षण, तिच्या खाली जवळपास काहीच नाही. अर्धी मात्रा म्हणजे अर्धं संरक्षण, असं समजू नका. ही मात्रा तुमच्याच पाण्यावर काढावी लागते. बाटलीतली चाचणी २ आणि २४ तासांची करून चांगली-वाईट औषधं वेगळी करा. मग उरलेल्या दोन-तीन औषधांना तापवलेल्या बारीक नळीत, सुमारे १ मिलिमीटर व्यासाच्या, पाणी वाहतं ठेवून तपासा आणि नळीच्या दोन टोकांमधला दाब वाढू लागतो ती मात्रा पाहा. जास्त टाकलं तर बरंच, असंही नाही. कॅल्शियम फार असलेल्या गरम पाण्यात फॉस्फोनेट जास्त झाला तर कॅल्शियम फॉस्फोनेटचाच चिकट गाळ बसतो. म्हणून औषधाची तुमच्या पाण्याशी सुसंगतता तळाच्या तापमानाला बघितल्याशिवाय सोडू नका. गॅस लिफ्टच्या (तेल वर उचलायला विहिरीत सोडलेल्या) वायूबरोबर औषध पाठवणार असाल तर द्रावक न उडणारा हवा, नाहीतर वाटेतच द्रावक उडून औषधाचा डिंक व्हॉल्व्हमध्ये बसतो.

तळापर्यंत औषध नेणारी बारीक केशनळी नसेल तर स्क्वीझ करावं लागतं: औषध खडकात ढकलायचं, तिथे चिकटू द्यायचं आणि ते हळूहळू पाण्यासोबत परत यायचं. क्रम असा: पुढे द्रावकाची धुणी, म्हणजे दगडावरचं तेल निघून औषधाला जागा मिळते. मग मुख्य औषध, बहुधा ५ ते १५ टक्के, २-३ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात. मग ते आत ढकलणारं पाणी. नंतर १२ ते २४ तास विहीर बंद. किती आत ढकलायचं याचा हिशोब सोपा आहे: १० मीटर जाडीचा खडकाचा पट्टा, २० टक्के सच्छिद्रता, ३ मीटर त्रिज्या, म्हणजे सुमारे ५७ घनमीटर पाणी. खडकात फुगणारी माती असेल किंवा तेलाशी इमल्शन (न सुटणारं घट्ट मिश्रण) होत असेल तर उपचारानेच विहीर मंदावते, म्हणून कोअरच्या (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या) तुकड्यावर आधी चाचणी हवी.

स्क्वीझचं आयुष्य महिन्यांत मोजू नये. ते परत आलेल्या पाण्याच्या घनमीटरमध्ये मोजा, कारण पाणी वाढलं की औषध लवकर धुतलं जातं. सुरुवातीला काही तासांनी, मग रोज, मग आठवड्याने नमुना घेऊन उरलेलं औषध मोजा. औषधाची मात्रा आणि पाण्याची बेरीज असा आलेख काढला की किमान मात्रेची रेघ कधी ओलांडली जाईल ते आधीच दिसतं. त्याच नमुन्यात कॅल्शियम आणि क्लोराइडचं गुणोत्तरही बघत राहा. क्लोराइड स्थिर आणि कॅल्शियम उतरतंय, म्हणजे ते वाटेत कुठेतरी बसतंय. हा इशारा उत्पादन घटण्याच्या आधी मिळतो. तुमच्या दुसऱ्या विहिरीचे जुने अहवाल काढून हे गुणोत्तर मांडा, थर कोणत्या महिन्यात सुरू झाला ते बहुधा तिथेच दिसेल.

आणि या आठवड्यात करायचं काम. पहिल्या विहिरीला औषध नको, जागेवर पुन्हा नमुना घ्या. दुसऱ्या विहिरीच्या चोकवरचा थर खरवडून आधी झायलीनने धुवा, मेण आणि अस्फाल्टिनही क्षारासारखे दिसतात. उरलेल्या कणावर मोकळ्या हवेत, वाऱ्याची दिशा बघून, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसून विरघळला तर कार्बोनेट. सडक्या अंड्याचा वास आला तर आयर्न सल्फाइड आहे, तेव्हा तिथे विहिरीत आम्ल सोडल्यास हायड्रोजन सल्फाइड निघेल आणि त्याच्या तयारीशिवाय हात लावायचा नाही. काहीच झालं नाही आणि तुकडा हाताला जड लागला तर बेरियम सल्फेटची शंका घ्या. तिथे आम्ल निरुपयोगी आहे, गरम, अल्कधर्मी डीटीपीएसारखं चिलेटिंग (धातूंचे आयन बांधून घेणारं) द्रावण तासन् तास मुरवावं लागतं किंवा यंत्राने कापावं लागतं.

कार्बोनेट निघाला तर १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा १ घनमीटर सुमारे २२० किलो कॅल्साइट विरघळवतो. वायरलाइनवर (तारेला लावून) गेज कटर, म्हणजे ठरावीक व्यासाचं हत्यार, उतरवून थर कुठून कुठे आहे ते पाहा, जाडीवरून वजन काढा आणि त्यावरून आम्लाची मात्रा ठरवा. आम्लात गंजरोधक आणि लोहाला धरून ठेवणारं रसायन हवंच. वापरून झालेलं आम्ल विहिरीत रात्रभर ठेवू नका. त्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही आहेत, दाब उतरला की तेच परत बसतं. ते त्याच दिवशी बाहेर काढा, पाणी पुन्हा खडकाचं झालंय याची क्लोराइडवरून खात्री करा, आणि मगच औषधाची किमान मात्रा ठरवण्यासाठी नमुना भरा.